झाकण कुणाचं?

आमच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर पाण्याची टाकी आहे आणि टाकीवर झाकण आहे. टाकी आमची आहे. झाकण आमचं नाही.

टाकी काळी, पाचशे लिटरची. झाकण पांढरं, निदान हजार लिटरच्या टाकीचं. लांबून पाहिलं तर नातवानं आजोबांची पगडी घातल्यासारखं दिसतं. हे झाकण आम्ही विकत घेतलेलं नाही, कुणी दिलेलं नाही आणि आईच्या भाषेत 'उचललेलं'ही नाही. ते ३ जून २०२० रोजी दुपारी एकच्या सुमाराला हवाई मार्गानं आमच्या परसात उतरलं. करोनाच्या त्या दिवसांत मुंबईहून आमच्याकडे यायचं तर माणसाला ई-पास लागत होता आणि आल्यावर चौदा दिवस शाळेत जाऊन राहावं लागत होतं. झाकणानं दोन्ही नियम धाब्यावर बसवले. आलं ते थेट आईच्या तुळशीला खेटून बसलं.

आमची आळी श्रीवर्धनच्या बाजूची. घरं सात, विहिरी नऊ आणि दावे तीन. त्यातला एक दावा आमचा आणि अप्पांचा. अप्पा आमच्या पूर्वेला राहतात. निवृत्त शिक्षक, विषय मराठी. लग्नाची पत्रिका आली की आधी लाल पेनानं तपासतात आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवतात. वाद एका माडाचा. माडाचा बुंधा अप्पांच्या वाडीत. पण पोराला लहानपणीच शेजारच्या घराची ओढ लागावी तसा हा माड पहिल्यापासून आमच्याकडे कललेला. वयात आल्यावर तो गडग्यावरून पुरता आमच्या बाजूला वाकला आणि नारळ आमच्या परसात पडू लागले. अप्पांचं म्हणणं, बुंधा ज्याचा त्याचा माड आणि माड ज्याचा त्याचे नारळ. आईचं म्हणणं, नारळ टाळक्यात पडायची भीती आमची, तर नारळही आमचाच. दोन्ही बाजू इतक्या बिनतोड की नऊ वर्षं तारखा पडत होत्या. नारळही पडत होते. या नऊ वर्षांत अप्पा आणि मी एकमेकांशी अक्षर बोललो नव्हतो. बायका बोलत होत्या. विरजण, कढीपत्ता, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, हा सगळा व्यवहार गडग्यावरून सुरळीत चालू होता. त्याला कोर्टाची स्थगिती नव्हती.

पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला नानी आणि त्यांचा मुलगा बाळू. बाळू पर्यटकांना खोल्या देतो. अख्ख्या आळीत स्लॅबचं घर त्याचं एकट्याचं. त्यामुळे गावाची शोभा गेली असं आम्ही सगळे ३ जूनपर्यंत म्हणत होतो.

वादळाचं नाव २ जूनला कळलं. निसर्ग. वादळांना नावं द्यायची पद्धत आपल्याकडच्या समुद्रात २००४पासूनची. जुनी यादी त्या मे महिन्यातल्या अम्फानवर संपली आणि तेरा देशांनी तेरा-तेरा नावं देऊन केलेली नवी १६९ नावांची यादी सुरू झाली. देश इंग्रजी वर्णानुक्रमानं, म्हणून पहिला मान बांगलादेशाचा, आणि त्यांनी दिलेलं पहिलं नाव निसर्ग. आता भारतानं दिलेल्या नावांत 'प्रभंजन' आहे. ते ऐकून माणूस निदान खिडकी तरी लावून घेईल. 'निसर्ग' म्हटल्यावर कोण घाबरणार? आम्ही उभी हयात पर्यटकांना निसर्ग विकत आलेलो. बाळूच्या फाटकावर तर 'या, निसर्गाच्या कुशीत विसावा घ्या' अशी सहा फुटी पाटी होती. निसर्गानं आमंत्रण मनावर घेतलं.

रिक्षावर कर्णा लावून सूचना देत माणूस फिरला. आईनं त्याला ओटीवरूनच विचारलं, "फयानपेक्षा मोठं काय?" नोव्हेंबर २००९मध्ये फयान आलं तेव्हापासून आईची मोजपट्टी ठरलेली आहे. पाऊस असो, महागाई असो की सुनेचा राग, ती तो फयानच्या तुलनेतच सांगते. कर्ण्यातल्या माणसानं "आजी, खूपच मोठं" म्हटल्यावर तिनं फक्त "बघू" म्हटलं. हवामानखातं आणि कुकरची शिट्टी या दोहोंवर तिचा विश्वास नाही. दोन्ही वेळेला ती स्वतः झाकण उघडून बघते.

वादळाची पूर्वतयारी म्हणजे शेजाऱ्यानं काय काय बांधून ठेवायला हवं याची यादी करणं. नानींनी आम्हाला टाकीला दोरी बांधायला सांगितलं. आम्ही बाळूला त्याच्या मांडवाचे पत्रे बांधायला सांगितलं. अप्पा आमच्याशी बोलत नसल्यामुळे त्यांनी आकाशाकडे तोंड करून जाहीर केलं की ज्यांच्या परसात बादल्या, टमरेलं आणि मोडक्या सायकली पडल्या आहेत त्यांनी त्या वेळीच आत घ्याव्यात. आम्हीही आकाशाकडे बघून म्हटलं की काहींच्या माळ्याची कौलं तीन वर्षं चाळलेली नाहीत. संध्याकाळपर्यंत आळीत प्रत्येकाला सल्ला मिळाला होता. बांधलं कुणीच काही नव्हतं.

आता वाऱ्याच्या दिशेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला. आपल्याकडे चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. त्या दिवशी त्याचा मध्य आमच्या उत्तरेकडून, दिवेआगर-अलिबागच्या बाजूनं जमिनीवर चढत होता. त्यामुळे वारा आधी आला तो जमिनीकडून, आग्नेयेकडून. मग दक्षिणेला वळला. आणि शेवटी समुद्राकडून, पश्चिमेकडून झोडपू लागला. आळीच्या भाषेत सांगायचं तर सकाळी अप्पांच्या वस्तू आमच्याकडे आल्या आणि आमच्या नानींकडे गेल्या. दुपारनंतर नानींच्या वस्तू आमच्याकडे आल्या आणि आमच्या अप्पांकडे. भिशी अशीच चालते. प्रत्येकाकडून घ्यायचं आणि दुसऱ्याच्या पदरात टाकायचं. मधे, वारा दक्षिणेकडून असताना, झाकण आलं. आमच्या दक्षिणेला पाखाडी, पलीकडे शेतं आणि मग खाडी. म्हणजे ते आळीबाहेरचं. हे लक्षात ठेवा.

वाऱ्याचा जोर मोजायची एक जुनी पट्टी आहे. ब्रिटिश आरमारातल्या ब्यूफोर्ट नावाच्या अधिकाऱ्यानं ती १८०५च्या सुमाराला बसवली. शून्य म्हणजे वारा पडलेला, बारा म्हणजे ताशी ११८ किलोमीटरच्या वर. आकडे त्यानं जहाजाच्या शिडांवरून ठरवले होते. आमच्याकडे शिडं नाहीत, पण पट्टी आहे. एकला नानींच्या दोरीवरचं लुगडं हलतं. तीनला अप्पांचा पेपर उडतो आणि ते वाऱ्याला 'मूर्ख' म्हणतात. पाचला केळीची पानं चिंध्या होतात. सहाला दारं आपटतात आणि आई आतून "कोण रे ते?" विचारते. आठला रायवळ आंबे पडतात आणि ते वेचायला पोरं पळतात. नवाला तीच पोरं रिकाम्या हातानं परत पळत येतात. दहाला पत्रे बोलायला लागतात. अकराला ते निघून जातात. आणि बाराला अप्पा माझ्याशी बोलतात.

पत्र्यांचं मी डोळ्यांनी पाहिलं. लोकांना वाटतं वारा छप्पर ढकलतो. तसं नाही. छपरावरून वारा सुसाटत गेला की वरचा दाब उतरतो आणि छप्पर वर ओढलं जातं. त्यात एखादी खिडकी उघडी असेल तर आत घुसलेला वारा त्याला खालून खांदा देतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून सकाळी नुसतं थडथडणारं छप्पर दुपारी उठून चालू लागतं. कौलारू घर म्हणजे एकत्र कुटुंब. एकेक कौल रुसून निघून जातं, मधल्या फटींतून वारा वाहून जातो, बाकीचं घर जागेवर राहतं. पत्र्याचं तसं नाही. तो जातो तो बिऱ्हाड घेऊन. बाळूच्या मांडवाचे बाराही पत्रे एका लोखंडी चौकटीसकट उठले, आमच्या अंगणावर क्षणभर रेंगाळले, आणि अप्पांच्या पोफळींत जाऊन उभे राहिले. पाठोपाठ 'निसर्गाच्या कुशीत' ही पाटी गेली. ती अजून सापडलेली नाही.

त्याआधीच आमची कौलं जायला लागल्यावर आम्ही सगळे गावाची शोभा घालवणाऱ्या स्लॅबखाली गोळा झालो होतो. एक खोली, एकोणीस माणसं, दोन मांजरं आणि भिंतीवर 'चेक आऊट सकाळी १०' अशी सूचना. तोंडाला मास्क होते. दोन हात अंतर ठेवायचं होतं, पण खोलीच दहा बाय बारा. वारा पश्चिमेला फिरला आणि खोलीचं दार नेमकं पश्चिमेला. कडी आधी वाजली, मग वाकली, मग तुटून माझ्या कानावरून समोरच्या भिंतीवर आदळली. मी दाराला पाठ लावली. एकट्यानं आवरेना. तेवढ्यात उजव्या खांद्याला दुसरा खांदा लागला. मान वळवून पाहिलं तर अप्पा.

असे आम्ही दीड तास उभे होतो. दार मागून श्वास घेत असल्यासारखं आत यायचं, आम्ही दोघं चार बोटं पुढे सरकायचो, मग पुन्हा रेटून मागे. फटीतून पाणी मानेवर आणि तिथून पाठीच्या पन्हळीनं खाली. बाहेर माड मोडल्याचा आवाज यायचा. तो कडाड असा नसतो. आधी एक लांब कण्हणं आणि मग जमिनीला धप्प बसलेला हादरा. प्रत्येक हादऱ्याला आई ओळखून सांगत होती, "हा विहिरीवरचा." "हा नानींचा, दारातला." डोळे मिटलेले, हातात माळ, आणि तरी एकदाही चुकली नाही.

नानी म्हणाल्या, "देवा रे, सगळी झाडं पडतायत!"

"पडताहेत," अप्पा म्हणाले.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. आणि मग त्यांनी, समोर भिंतीकडेच बघत, मला म्हटलं, "टाच लावा."

"काय?"

"टाच. फरशीच्या सांध्याला. पाय घसरतोय तुमचा."

नऊ वर्षांनंतरचं हे पहिलं संभाषण. मी टाच लावली. खरोखरच पाय घसरायचा थांबला.

चारच्या सुमाराला वारा पडला. बाहेर आलो तर पहिल्यांदा काही ओळखूच येईना, कारण उजेड फार होता. आमच्या ओटीवरून समुद्र दिसत नाही ही आमची तीन पिढ्यांची तक्रार. त्या दिवशी दिसला. मधे काही उरलंच नव्हतं. पोफळी काड्यापेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा एकाच दिशेला निजलेल्या. आई वाडीत गेली, एका आडव्या पोफळीच्या शेंड्याला हात लावला, कच्च्या सुपारीचा घड चाचपला आणि म्हणाली, "फयान बरं होतं." फयान बरं असल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. (पुढच्या वर्षी बाळूनं नवी पाटी लावली, तिच्यावर 'सी व्ह्यू' असं वाढवलं.)

मग सुरू झाली वाटणी. कुणाचं काय कुणाकडे. पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांची अडचण पडली नाही. आमच्याकडे लग्नामुंजीत मिळालेल्या भांड्यांवर देणाऱ्याघेणाऱ्याची नावं, तारीख, प्रसंग, सगळं कोरलेलं असतं. एक पातेलं पाखाडीच्या गटारात सापडलं, ते वाचून संध्याकाळच्या आत घरी पोचतं झालं. "म्हणून भांड्यावर नाव घालायचं," आई म्हणाली. पंचाईत प्लास्टिकची. बादल्या सगळ्यांच्या निळ्या. शेवटी नानींनी निवाडा दिला, जिला तडा गेलाय ती आमची नाही. सातही घरांनी हेच तत्त्व मान्य केल्यामुळे आळीत चार फुटक्या बादल्या बेवारशी ठरल्या.

पण झाकली मूठ उघडायची राहिली होती. अप्पांची दाव्याची फाईल माळ्यावर होती. माळ्याचं छप्पर गेलं, पाठोपाठ फाईल गेली आणि तिची पानं आळीत घरोघर वाटली गेली. एरवी कोर्टाची कागदपत्रं नक्कल मागून मिळत नाहीत. ही विनाशुल्क मिळाली. दोन दिवस अप्पा दारोदार फिरून पानं गोळा करत होते. नानींकडचं पान सात त्यांनी तव्यावर शेकून वाळवून ठेवलं होतं आणि वाळवता वाळवता वाचलंही होतं. त्यात माझं वर्णन होतं: 'प्रतिवादी हा स्वभावाने हेकट, अरेरावी करणारा व नारळलोभी इसम असून'. हेकट आणि अरेरावी लोक विसरले. 'नारळलोभी' राहिलं. आजही मी बाजारात नारळ हातात घेऊन वाजवून बघू लागलो की नारळवाला हसतो.

पान चार तेवढं मिळालं नाही.

आणि तो माड? तो पडला. आयुष्यभर जिकडे झुकला होता तिकडेच पडला. बुंधा अप्पांच्या वाडीत, मधला भाग गडग्यावर आणि शेंडा आमच्या पडवीत, वाशांसकट. आता नऊ वर्षं 'माड माझा' म्हणणारे अप्पा काय म्हणतात?

"शेंडा तुमच्या हद्दीत आहे. तुम्ही उचला."

आणि नऊ वर्षं शेंड्यावर हक्क सांगणारा मी काय म्हणतो?

"बुंधा तुमचा. बुंधा ज्याचा त्याचा माड."

उभ्या माडाला दोन मालक होते. आडव्या माडाला एकही नव्हता. वकिलांनी नऊ वर्षं तयार केलेले सगळे मुद्दे आम्ही अगदी शब्दशः वापरले, फक्त एकमेकांचे.

सोडवलं ते भलत्यांनीच. मुंबईहून आलेली बाळूची दोन चुलत भावंडं शाळेत विलगीकरणात होती. शाळेचे पत्रे उडाले आणि त्यांचं विलगीकरण वाऱ्यावर गेलं. आदल्या दिवसापर्यंत त्यांच्या सावलीलाही लोक वळसा घालून जात. पण घरात सत्तरीचे म्हातारे, बाहेर आडवी झाडं आणि समोर विशीतले दोन तगडे दंड, असं चित्र उभं राहिल्यावर आळीचं वैद्यकशास्त्र एका रात्रीत पुढे गेलं. "या रे, चहा घ्या आधी," असं आईनं स्वतः बोलावलं. पोरांनी कोयता आणि करवत घेऊन दीड दिवसात माडाचे तुकडे केले. शेवटचे ४६ नारळ निघाले. बाळूच्या बायकोनं दोन ढीग केले, २३ आणि २३. कोर्टाला नऊ वर्षं न सुटलेलं गणित तिनं ओल्या हातानं सोडवलं आणि ती भात टाकायला निघून गेली.

पाच जूनला वटपौर्णिमा होती. पारावरचा वड मुळासकट आडवा. बायकांपुढे प्रश्न पडला, पडलेल्या वडाला पूजलं तर चालतं का? अप्पांचं मत पडलं की शास्त्रात वड म्हटलंय, उभा म्हटलेलं नाही. मग काय, सूत घेऊन निघाल्या. पण उभ्या वडाला फेरी म्हणजे पंधरा पावलं. आडव्या वडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत जाऊन, फांद्या ओलांडून परत यायचं. नानी तिसऱ्या फेरीला दगडावर टेकल्या. "सात जन्मांचं राहू द्या," त्या म्हणाल्या, "आधी ह्या सात पुऱ्या होऊ देत."

लाईट गेली ती गेलीच. आमच्या भागात कुठे पंधरा दिवसांनी आली, कुठे महिन्यानं, कुठे त्याहूनही उशिरा. खांब इतके वाकले होते की गावात सरळ उभा राहणारा फक्त वायरमन. तो आळीत शिरला की लोक ओटीवरून उठून उभे राहत. त्याला आंब्याची शेवटची पेटी गेली, कुळथाचं पिठलं गेलं. पंप बंद, म्हणून विहिरीवर रहाट लागला. आमच्या रहाटावर बायकोनं मनीप्लांट चढवलेला होता. 'जुनं ते जपावं' म्हणून बाळूचे पर्यटक त्याचे फोटो काढत. तो वेल उतरवून रहाट फिरवला तेव्हा त्यानं असा काही सूर लावला की आईचे डोळे भरून आले. पंधरा घागरी ओढल्यावर माझेही आले.

मग पंचनामे आले. सरकारनं फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. हेक्टर हा शब्द आमच्या आळीत फक्त अशा वेळी ऐकू येतो. एरवी आमचं सगळं गुंठ्यांत. साधारण शंभर गुंठ्यांचा हेक्टर, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. आमची वाडी आठ गुंठे. झाले चार हजार. सातबाऱ्यावर नावं तेवीस. त्यातली काही मुंबईत, एक बडोद्याला, तिघं देवाघरी आणि एका नावाचं माणूस कोण हे आईलाही आठवत नाही. माणशी १७४ रुपये. पोफळ लावली की पहिली सुपारी हाताला लागायला सहा-सात वर्षं जातात. तेवढ्यात चुलत्यांच्या सह्या गोळा होतील असा अंदाज आहे. तलाठीभाऊ सज्जन. त्यांनी मोडलेल्या वाशांपासून कोंबडीच्या खुराड्यापर्यंत सगळं लिहून घेतलं. शेवटी मी त्यांना पांढरं झाकण दाखवलं. ते म्हणाले, "गेलेलं लिहायला रकाना आहे. आलेलं लिहायला नाही."

झाकणाचा मालक शोधायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. मोबाईलला रेंज आल्यावर गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकला. तासाभरात तिघांनी हक्क सांगितला. पहिल्याची टाकी तपासली तर तिच्यावर झाकण होतंच. "हे दुसऱ्याचं आहे," तो म्हणाला. दुसऱ्याची टाकीच सापडत नव्हती; झाकण मिळालं तर त्यावरून टाकी शोधता येईल असं त्याचं म्हणणं. तिसऱ्यानं आळीत येऊन आमच्या अंगणात झाकण उलटसुलट करून पाहिलं आणि "आमचं असतं तर बरं झालं असतं" म्हणून निघून गेला. आमचं काळं झाकण कुठे गेलं हे मात्र कुणी कळवलं नाही. ते कुणाच्या तरी मोठ्या टाकीत पडून राहिलं असणार. पावसाळा तोंडावर आलेला. आईच म्हणाली, "तोवर वापरा."

मग तिला भांड्यांवरची नावं आठवली. "त्याच्यावर नाव घाल."

"आई, ते आपलं नाही."

"मग तसं घाल."

म्हणून मी ब्रश आणि काळा ऑईलपेंट घेऊन स्लॅबवर चढलो आणि झाकणावर गोलाकार लिहिलं: 'हे झाकण आमचे नाही. तरी उडाल्यास आम्हाला परत द्यावे.' खाली घर नंबर.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. हे नाव म्यानमारचं. कुणी तौक्ते लिहिलं, कुणी ताउक्ते, कुणी तोक्ते. त्या आठवड्यात अप्पांनी पेपर वाचणं बंद केलं होतं. अर्थ म्हणे पालीच्या जातीचा मोठ्यानं ओरडणारा प्राणी. हे कळल्यावर नानींच्या मनात जी पाल चुकचुकली ती त्यांनी सगळ्यांना सांगितली आणि या वेळी आळीनं खरोखर सगळं बांधलं. बाळूनं पत्रे तारेनं आवळले. मी टाकीला नायलॉनची दोरी दोनदा गुंडाळली. १७ मे २०२१ला वादळ आमच्या समोरून, समुद्रातूनच उत्तरेला गुजरातकडे गेलं. तरी जाता जाता त्यानं टाकी सोडली आणि झाकण नेलं. दोरी मी टाकीला बांधली होती.

अठराला सकाळी अप्पा ओटीवर उभे. काखेत पांढरं झाकण. नऊ अधिक एक अशा दहा वर्षांत ते आमच्या पायरीवर पहिल्यांदाच चढले होते. आईनं बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि स्वतः मागच्या दारानं घाईघाईनं गेली. मागाहून कळलं की पापडाच्या डब्यात तळाला घातलेलं दाव्याचं पान चार काढून लपवायला. पापड सादळू नयेत म्हणून घातलं होतं, असं तिचं निवेदन आहे.

"माझ्या वाडीत पडलं होतं," अप्पा म्हणाले.

"मग तुमचंच," मी म्हटलं. "तुमच्या हद्दीत."

"माझी टाकी सिमेंटची आहे. शिवाय यावर स्पष्ट लिहिलं आहे की हे तुमचं नाही, म्हणून तुम्हांला द्यावं. मी लिहिलेलं पाळतो."

चहा झाला. कपबशी खाली ठेवताना ते म्हणाले, "एक चूक होती. काढून टाकली आहे."

ते गेल्यावर मी झाकण उन्हात धरून पाहिलं. माझ्या काळ्या अक्षरांत 'आम्हाला'मधल्या 'म्हा'च्या डोक्यावर लाल ऑईलपेंटचा टपोरा अनुस्वार दिला होता. अजून ओला होता. म्हणजे झाकण अप्पांना आदल्या दिवशीच सापडलं असणार, आणि रात्री कुठेतरी शोधून त्यांनी लाल रंगाचा डबा काढला असणार.

झाकण कुणाचं ते अजून कळलेलं नाही. माडाच्या दाव्याची पुढची तारीख पडली आहे. आम्ही दोघं एकाच रिक्षानं जाणार आहोत. पान चार पापडांखाली परत गेलं. टाकीवरचा अनुस्वार मात्र निर्विवाद अप्पांचा आहे आणि त्यावर आम्हांला कसलाही हक्क सांगायचा नाही.